नव्वदीची थरथर

शीर्षक वाचून कुणी असे समजू नये की, हा लेख वार्धक्यावर आहे. नव्वदी आमच्या मोटारीच्या काट्यावरची आणि थरथर तिच्या स्टेरिंगची. या सदरात मी एरवी शब्दांच्या चौकश्या करीत बसतो हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र आले, "या वेळी कोशातून जरा बाहेर या." म्हणून मोटारीत बसून बाहेर आलो आहे. तरी शब्द पाठ सोडतील असे वाटत नाही.

आम्ही जळगावला असतो आणि आई धुळ्याला, धाकट्या भावाकडे. एक रविवार सोडून एक रविवार आमची धुळ्याची फेरी ठरलेली. मधूनमधून शनिवारी मी एकटाच जातो, तो राजवाडे संशोधन मंडळात जुनी बाडे चाळायला. (हे मंडळ १९२७ पासूनचे आहे आणि तिथे एकदा बसले की जेवणाची आठवण राहत नाही, अशी आईची कायमची तक्रार आहे.) एकूण काय, गिरणेवरचा बांभोरीचा पूल, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे ही नावे मला माझ्या विद्यार्थ्यांच्या हजेरीपटापेक्षा अधिक पाठ आहेत.

हा रस्ता म्हणजे पूर्वीचा सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. आता त्याला ५३ म्हणतात. सहा नंबरच्या काळात त्यावर गाडी थरथरते की नाही, हा प्रश्नच उद्भवत नसे. खड्डे, मालट्रकांची रांग आणि एरंडोलच्या अलीकडची धूळ यांतून वाट काढताना गाडी, गाडीतली माणसे आणि डब्यातली आमटी हे सगळेच एका लयीत हलत असे. पुढे रखडत रखडत का होईना, रस्ता चौपदरी झाला. गुळगुळीत झाला. आणि रस्ता निर्दोष झाल्याबरोबर गाडीचा दोष उघडा पडला.

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. पारोळा मागे टाकून मी काटा नव्वदवर नेला आणि हातातले चाक थरथरू लागले. हिसका नव्हे, ओढ नव्हे. शीतज्वर चढण्याआधी अंगावर जो बारीक काटा येतो, तसे काहीसे. ऐंशीवर आलो की शांत. नव्वद ते शंभर पुन्हा थरथर. शंभराच्या पुढे जरा धीर करून पाहिले तर उलट कमी.

"अहो, स्टेरिंग थरथरतंय," सौभाग्यवती म्हणाली.

"रस्ता," मी म्हणालो.

"रस्ता आरशासारखा आहे."

"मग वारा."

यावर ती काही बोलली नाही. ती शाळेत विज्ञान शिकवते. चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाला दुसऱ्या प्रयत्नानंतर ती खाली बसायला सांगते. मी गाडीत आधीच बसलेला होतो, म्हणून वाचलो.

मोटार आजारी आहे असे एकदा तोंडातून निघाले की शेजारीपाजारी सगळे वैद्य होतात. समोरच्या बँकेतल्या गृहस्थांनी इंजिनाचे माउंटिंग सांगितले. वरच्या मजल्यावरच्या कंत्राटदारांनी पेट्रोलातली भेसळ सांगितली. आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे सहकारी तेवढे प्रांजळ निघाले. "मी स्कूटर वापरतो," एवढेच ते म्हणाले.

शेवटी जळगावातल्या एका दुकानात गाडी नेली. त्या चुणचुणीत पोऱ्याने माझे वाक्य संपायच्या आत "अलाइनमेंट" असे निदान केले, चाकांना आरसे बांधले, पडद्यावर हिरव्या-तांबड्या रेघा दाखवल्या आणि पैसे घेतले. थरथर जशीच्या तशी! अलाइनमेंट म्हणजे चारी चाकांची तोंडे योग्य दिशेला आहेत की नाहीत ते पाहणे, हे मला पुढे कळले. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात. पण फक्त एका ठराविक वेगालाच चाक हातात थरथरते, त्याला हे औषध बहुधा नव्हे. पाय मुरगळला म्हणून गेलो आणि चष्म्याचा नंबर बदलून आलो, असा तो प्रकार झाला.

पुढच्या आठवड्यात तिथेच बॅलन्सिंग केले. हे खरे तर पहिल्यांदा करायचे. चाक यंत्रावर चढवून फिरवतात. कुठल्या बाजूला किती ग्रॅम कमी ते यंत्र सांगते आणि त्या जागी शिशाचे किंवा जस्ताचे बारीकसे वजन रिमला ठोकतात किंवा चिकटवतात. माझ्या एका चाकाचे असे एक वजन गळून पडले होते. तीस ग्रॅमची तूट! मला हसू आले. हजार किलोच्या आसपासच्या गाडीला तीस ग्रॅमने काय होणार? घरी आल्यावर सौभाग्यवतीने पाठकोऱ्या कागदावर गणित मांडले. आमच्या गाडीचे चाक एका फेरीत सुमारे १.९५ मीटर जाते, म्हणजे ताशी नव्वदला ते सेकंदाला जवळजवळ तेरा वेळा फिरते. रिमच्या कडेवरचे ते उणे-अधिक तीस ग्रॅम ताशी साठला चाकाला दीडएक किलोच्या जोराने ओढतात. नव्वदला तोच जोर साडेतीन किलो होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला तेरा वेळा साडेतीन किलोचा ठोसा! माझे हसू मावळले.

"पण मग शंभराच्या पुढे कमी का होतं?" मी विचारले.

"आखाजीचा झोका," ती म्हणाली.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरी आलेल्या लेकींसाठी झाडाला झोके बांधायचा हा सण. झोक्याला ढकलायची एक वेळ असते. ती साधली तर बोटभर धक्क्याने झोका उंच जातो. वेळ चुकली, घाई झाली, तर मोठा धक्काही फुकट. चाक, त्याच्या स्प्रिंगा आणि दांड्या मिळून असाच एक झोका असतो. त्याचा आपला स्वतःचा ताल असतो. चाकाच्या फेऱ्या त्या तालाशी जुळल्या की थरथर शिगेला पोहोचते, आणि ताल पुढे निघून गेला की कमी होते. म्हणून दुखणे "बरे झाले" असे वाटून जो एकशेदहाने जात राहतो, त्याचे दुखणे बरे झालेले नसते. तो ताल चुकवून पळत असतो, एवढेच.

असो. वजने लावली, यंत्रावर चारी चाकांपुढे शून्य-शून्य आले. पैसे दिले. आणि मुकटीजवळ काटा नव्वदवर गेला तो स्टेरिंग पुन्हा आपले थरथरतेच! थोडी कमी म्हणा हवे तर, पण होती.

भाद्रपदात एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून यावलकडे त्याची केळीची बाग पाहायला गेलो. पावसाने शिवार भिजलेले, आमची काळी माती म्हणजे चिकटपणात उधार-वसुलीवाल्याला हार न जाणारी. येताना गाडी साठलाच अशी नाचू लागली की, मी मुकाट्याने चाळिसाने घरी आलो. या खेपेला कारण मलाच सापडले, म्हणून अभिमानाने सांगतो. रिमच्या आतल्या अंगाला मूठभर चिखल बसून वाळला होता. तीस ग्रॅमची ती कथा, तर मूठभर चिखलाचे काय विचारता! पाण्याची नळी लावून, काडीने खरवडून चाके आतून धुतली आणि गाडी पुन्हा नव्वदीच्या मूळ दुखण्यावर आली. पावसाळ्यात शेताकडे गाडी नेणाऱ्यांनी दुकान गाठण्यापूर्वी पाण्याची बादली गाठावी, हे मात्र खरे.

नवरात्रात सौभाग्यवतीने सूत्रे आपल्या हाती घेतली. शाळेच्या प्रयोगवहीसारखी वही केली आणि नियम असा घातला की, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी चालवायचे, तिने लिहायचे. उभ्या गाडीत इंजिन फिरवून पाहिले, थरथर नाही. नव्वदलाच चौथ्या गियरमध्ये आणि मग पाचव्यात गाडी चालवून पाहिली. इंजिनाचे फेरे बदलले, थरथर तीच. म्हणजे इंजिन सुटले आणि बँकेतल्या गृहस्थांचे माउंटिंगही सुटले. मागे मोकळा रस्ता पाहून हलका ब्रेक लावला. थरथर वाढली नाही, पायाखाली पेडल धडधडले नाही, म्हणजे ब्रेकच्या चकत्या वाकड्या नाहीत. अ‍ॅक्सिलरेटर दाबला काय आणि पाय उचलला काय, फरक नाही. तेव्हा चाकाला ताकद पोचवणारे अ‍ॅक्सलचे सांधेही बहुधा निर्दोष. एकेक आरोपी असा सुटत गेला. माझ्या तोंडून मधेच "पण मला वाटतं" असे निघाले की, ती पेन्सिल वर करून थांबे.

मग तिने पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावायला सांगितली. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने अर्ध्या तासात केले. नट मात्र समोरासमोरचे आळीपाळीने आवळायला लावले. एका बाजूने आवळत गेले तर चाक तिरके बसते आणि मग ती एक निराळीच थरथर. त्या रविवारी नव्वदला स्टेरिंग जवळजवळ शांत! मी जिंकल्यासारखा तिच्याकडे पाहिले. तिचे लक्ष माझ्याकडे नव्हते. मागच्या सीटवर तळहात टेकवून ती म्हणाली, "आता इथे थरथरतंय."

दुखणे चाकाबरोबर मागे गेले होते. म्हणजे ते गाडीत नव्हते, चाकात होते. आणि यंत्र तर सांगत होते की चारही चाकांचा तोल शून्य.

आता यात घाईचे कारण काय, तेही सांगायला हवे. आमची मुलगी नागपूरला शिकते. दिवाळीसाठी तिला सामानासकट आणायचे होते आणि मेहकरजवळ समृद्धी महामार्गावर चढायचे, असा माझा बेत होता. नागपूर ते मुंबईकडचा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि शेवटचा ५ जून २०२५ रोजी. सपाट भागात मोटारींना ताशी १२० ची परवानगी आहे. पहिल्याच वर्षात तिथे इतके अपघात झाले आणि त्यांत टायर फुटण्याचे कारण इतक्यांदा निघाले की, २०२३ मध्ये परिवहन खात्याची माणसे रस्त्याच्या तोंडाशी टायर तपासत उभी राहिली आणि गुळगुळीत टायरांच्या गाड्या त्यांनी माघारी फिरवल्या. हे सारे मी वर्तमानपत्रांत वाचलेले होते. आमच्या टायरांवर नक्षी चांगली खोल होती, तेव्हा आपला याच्याशी काही संबंध नाही असे मी धरून चाललो होतो.

भाऊ म्हणाला, "दादा, पारोळा रोडवरच्या मिस्तरींना दाखव." धुळ्याचे एक आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते तिथे एकमेकांना छेदतात. साऱ्या देशाचे ट्रक त्या गावात येऊन मोडतात, त्यामुळे तिथल्या मिस्तऱ्यांचे पाठांतर दांडगे. हे मिस्तरी सत्तरीच्या आसपासचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी गाडीकडे पाहिलेच नाही. मला विचारले, "काय करस गाडी?"

"थरथरते," मी म्हणालो.

"थरथरस का धडधडस?"

वाचकहो, वीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे. अनुकरणवाचक शब्दांवर तास घेतले आहेत. मोल्सवर्थने १८३१ च्या आपल्या कोशात असले शब्द किती मायेने गोळा केले, ते मुलांना सांगितले आहे. पण या शब्दांनी रोगाचे निदान होते, हे मला त्या ओसरीवर कळले. मिस्तरी एकेक शब्द विचारीत गेले. बारीक, वेगाबरोबर येणारी आणि जाणारी ती थरथर, ती चाकाची. ब्रेक लावताना होते ती धडधड, ती चकतीची. खड्ड्यातून जाताना खालून येते ती खडखड, तिथे कुठला तरी सांधा किंवा रबर ढिले. वेग वाढला की घरघर वाढते आणि वळणावर तिचा सूर बदलतो, ते चाकाचे बेअरिंग. खड्ड्यानंतर गाडी होडीसारखी दोनतीनदा हेलकावते, ते शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेलेले. नुसती ओढते, ते अलाइनमेंट. जळगावच्या त्या पोऱ्याने मला यातले काहीच विचारले नव्हते. आणि खरे सांगायचे तर, विचारले असते तरी "काहीतरी होतंय" याहून अधिक मी सांगू शकलो नसतो.

सौभाग्यवतीने वही पुढे केली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून नीट वाचली. चाके मागे नेल्यावर थरथर मागे गेली, या ओळीवर बोट ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिले. "हाई बेस करं ताई," एवढेच बोलले.

पुढच्या चाकांना विटा लावल्या, गियर टाकला, हँडब्रेक सोडला, मागची डावी बाजू जॅकवर उचलली. मग त्यांनी खडू मागितला. पोऱ्या शोधाशोध करू लागला. खडू माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. तो कायमच असतो, त्यावरून घरात रोज बोलणी खातो. मिस्तरींनी टायरशेजारी विटांची चळत रचली, तिच्यावर हात टेकवून खडूचे टोक आधी रिमच्या कडेशी धरले आणि चाक हाताने फिरवले. रिम सगळीकडे सारख्या अंतराने खडूपुढून गेली. रिम सरळ. मग खडू टायरच्या पाठीशी केसभर अंतरावर नेला आणि चाक पुन्हा फिरवले.

टक्. एक फेरी. टक्. पुन्हा एक फेरी. टक्.

चाक थांबवले तेव्हा काळ्या रबरावर एकाच ठिकाणी वीतभर पांढरी रेघ उमटली होती. बाकीच्या टायरला खडू शिवलाही नव्हता.

"तोल बराबर शे सर," मिस्तरी म्हणाले, "पन चाक गोल नही."

ही गोष्ट इतकी साधी की, ती तीन महिने कुणाच्या डोक्यात कशी आली नाही याचे मला अजून नवल वाटते. यंत्र वजन तोलते. एका बाजूला टेंगूळ असले तर ते समोरच्या बाजूला तेवढे वजन लावायला सांगते आणि शून्य दाखवते. टेंगूळ जागच्या जागी राहते आणि दर फेरीला रस्त्यावर आपटते. बॅलन्सिंगच्या वेळी यंत्रावर फिरणारे ते चाक निरखून पाहिले असते तरी उंचवटा दिसला असता. पण त्या पोऱ्याची नजर आकड्यांवर होती आणि माझी मोबाइलवर.

मिस्तरींनी माझा हात धरून टायरच्या आतल्या अंगावर फिरवला, जिकडे वाकल्याशिवाय कुणी पाहत नाही. कडेवर बाभळीच्या शेंगेएवढा फुगवटा बोटांना लागला. टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. त्याच्या पोटात धाग्यांचे आणि पोलादी तारांचे थर असतात. ते थर एकमेकांपासून सुटू लागले की तिथे असे उठते. मग दर फेरीला ती जागा चेपते, तापते आणि आणखी सुटते. एखादा जोराचा खड्डा, कमी हवा, वय आणि ऊन, ही त्याची कारणे. पंचेचाळीस अंशांना शिवणारा जळगाव-भुसावळचा उन्हाळा त्या टायराने किती काढले होते? मिस्तरींनी कडेवरचा लंबगोल शिक्का पुसून चार आकडे दाखवले, ३२१७. म्हणजे २०१७ सालचा ३२वा आठवडा. गाडी मी जुनी घेतली होती. आधीच्या मालकाची ती फारशी फिरत नसे, म्हणून नक्षी खोल राहिली होती. त्या नक्षीत दहा पैशांचे जुने नाणे घालून पाहून "टायर अगदी नवे आहेत" असे मीच घरी येऊन सांगितले होते.

"याच टायरनी समृद्धीवर जायनं व्हतं?" मिस्तरींनी विचारले.

ताशी १२० ला ते चाक सेकंदाला सतरा वेळा फिरले असते. हे गणित कुणी मांडले नाही. सौभाग्यवतीने वही मिटली आणि पर्समध्ये ठेवली. परतीच्या वाटेवर गाडीत मुलगी असणार होती आणि काही वेळ गाडी तीच चालवणार, असे तिने आदल्याच रात्री फोनवर आमच्याकडून कबूल करून घेतले होते. नुकताच परवाना मिळाला होता ना!

स्टेपनी लावून त्याच दिवशी धुळ्यातच नवे टायर घेतले. मी दोन म्हणत होतो. शिक्के चारी टायरांवर पाहिले, चौघांचेही साल एकच. चार घेतले. नवे चाकही गोल आहे की नाही ते मिस्तरींनी पुन्हा खडूने पाहिले, मगच तोल करायला पाठवले. स्वतःचे त्यांनी शंभर रुपये घेतले आणि खडू परत दिला.

संध्याकाळी आईने दिवाळीचा फराळ गाडीत भरला. परत येताना सौभाग्यवती चालवीत होती. फागणे गेले, मुकटी गेले. मी काट्याकडे डोळे लावून बसलो होतो. पंच्याऐंशी. नव्वद. पंच्याण्णव. तिने एक हात क्षणभर सोडून नुसती दोन बोटे स्टेरिंगवर ठेवली. चाक निपचित होते.

पारोळ्याच्या अलीकडे मला आवाज ऐकू आला. बारीक, मागून येणारा. मी कान टवकारले.

"काहीतरी होतंय," मी म्हणालो.

"नीट सांगा."

मी विचार केला. "खुळखुळ. वळणावर जास्त."

तिने गाडी बाजूला घेतली. डिकी उघडली, पाहिली, एक डबा उचलून पिशवीत घट्ट कोंबला आणि परत येऊन बसली.

"शंकरपाळे," ती म्हणाली.